आधी राहायला गेला, मग दुरुस्तीला लागला

आमच्या एव्हरशाईन सिटीत फिरताना मला माझ्यापेक्षा वयाने फार मोठं असं काही दिसत नाही. मी बावीस वर्षांची. बिल्डिंगा, गेटं, गार्डन, रिक्षा स्टँड, सगळं साधारण माझ्याच पिढीचं. त्यामुळे जुनी वास्तू म्हटलं की आपल्याला एकदम वसईचा किल्ला आठवतो आणि किल्ला म्हटलं की प्री-वेडिंग शूट. मधलं काहीच नाही.

पण स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला या. पापडी किंवा वसई गावाकडे जाणारी बस धरा आणि फोन खिशात ठेवून खिडकीबाहेर बघा. कौलारू छपरं, पुढे पडवी, लाकडी जिना, मागे वाडी. अशी घरं अजून दिसतात. त्यातलं एखादं गेल्या वर्षी होतं आणि या वर्षी नसतं. त्या जागी निळे पत्रे ठोकलेले असतात आणि आत जेसीबी. आपण दोन सेकंद बघतो, जुनंच झालं होतं असं म्हणतो आणि पुन्हा रील स्क्रोल करतो.

जुनं झालं म्हणजे पाडायलाच हवं का? आज तुम्हाला ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याने आयुष्यभर हाच एक प्रश्न लोकांच्या डोक्यात घातला. तो आर्किटेक्ट नव्हता, इंजिनीअर नव्हता. खरं तर त्याच्याकडे कुठलीच डिग्री नव्हती. तरीही तो मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस. टाउन प्लॅनिंग शिकणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. बाकी आपल्यापैकी फार कमी जणांनी ते ऐकलेलं असतं.

आठवड्यात सोडलेलं कॉलेज

गेडिसचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. गांधी जयंतीची तारीख, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. गाव स्कॉटलंडमधलं बॅलटर, बालपण मात्र पर्थ या शहरात गेलं. वडील सैन्यात होते. पर्थजवळच्या टेकडीवर घर, घराभोवती बाग आणि खाली पसरलेलं शहर. डोंगर, नदी, शेतं आणि शहर एकाच नजरेत दिसायचं. शहराकडे लांबून, सगळं एकत्र बघायची सवय त्याला बहुधा तिथेच लागली.

वनस्पतिशास्त्र शिकायला तो एडिंबरा विद्यापीठात गेला आणि आठवडाभरात परत आला. शिकवण्याची पद्धत त्याला पटली नाही. तुम्ही-आम्ही असं केलं असतं तर घरी काय झालं असतं ते विचारू नका. त्याने मग लंडन गाठलं आणि टी. एच. हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम सुरू केलं. शिक्षण भरपूर झालं, पण पदवीचा कागद काही त्याने कधी घेतला नाही.

१८७९ मध्ये तो संशोधनासाठी मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याची दृष्टी गेली. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पंचविशीतला मुलगा, करिअर मायक्रोस्कोपवर अवलंबून आणि डोळ्यांपुढे अंधार. दृष्टी हळूहळू परत आली, पण तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणं कायमचं संपलं. त्या अंधारात वेळ घालवायला तो खिडकीच्या चौकटी बोटांनी चाचपायचा आणि प्रत्येक तावदानावर मनातल्या मनात एकेक विषय ठेवायचा. कुठला विषय कुणाला जोडलेला आहे, याचे तक्ते तो तेव्हापासून करत राहिला, अगदी शेवटपर्यंत. पेशी बघणारा माणूस तिथून पुढे शहरं बघायला लागला.

चाळीत राहायला आलेलं जोडपं

आता एडिंबराची परिस्थिती समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या पैसेवाल्यांनी शेजारी नवं, ऐसपैस शहर वसवलं आणि जुन्या शहरातून ते हळूहळू निघून गेले. मागे राहिल्या उंच, अरुंद, दगडी इमारती. मालक गेले आणि खोल्याखोल्यांत भाडेकरू आले. जिथे एक कुटुंब राहायचं तिथे दहा राहू लागली. पाणी नाही, संडास नाही, जिन्यात अंधार. १८६१ मध्ये तिथली एक जुनी इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसं गेली. त्यानंतर नगरपालिकेने मोठी मोहीम काढली. गल्ल्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे. गल्लीतली माणसं पुढे कुठे जाणार, हा विचार मात्र त्या नकाशांत फारसा नव्हता.

गेडिसने १८८६ मध्ये ॲना मॉर्टनशी लग्न केलं. ती लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली. गेडिस तेव्हा एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होता. पगार बेताचा असला तरी नव्या शहरात चांगलं घर परवडलं असतं. या दोघांनी बिऱ्हाड हलवलं ते जेम्स कोर्टमध्ये. कधीकाळी तिथे डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ राहायचा. गेडिस राहायला गेला तेव्हा तिथे नुसती दाटीवाटी आणि घाण होती. त्यांची मोठी मुलगी नोरा १८८७ ची. म्हणजे तान्हं बाळ घेऊन ही दोघं त्या वस्तीत राहत होती.

मला या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. त्याने आधी अहवाल लिहिला नाही. सर्व्हेचा फॉर्म घेऊन दारोदार फिरला नाही. तो आधी तिथे राहायला गेला. मग बादली, झाडू आणि चुन्याचा हात. स्वतःची खोली झाली, मग जिना, मग शेजाऱ्यांना हाक. ॲनाने खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. शेजारणींनी बघितलं, त्यांनीही ठेवल्या. जी भिंत खरंच पडायला आली होती ती उतरवली. मधला आडोसा काढून चौकात ऊन येऊ दिलं. जे उभं राहू शकत होतं ते उभं ठेवलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, आधीच्या माणसांना हाकललं नाही.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की देऊळच डोळ्यांसमोर येतं. राहत्या घरांचाही जीर्णोद्धार होऊ शकतो आणि तो घरातल्या माणसांसकट होऊ शकतो, हे गेडिस जोडप्याने करून दाखवलं.

जुन्या वाड्यात हॉस्टेल

१८८७ मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं. एडिंबरा विद्यापीठात तेव्हा विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल नव्हतं. जुन्या शहरात रिकाम्या, मोडकळीला आलेल्या इमारती भरपूर होत्या. गेडिसने दोन्ही अडचणी एकमेकींना जोडल्या. जुन्या इमारती घ्यायच्या, नीट करायच्या आणि त्यात विद्यार्थी ठेवायचे. हॉस्टेलवर रेक्टर नाही, वॉर्डन नाही. कारभार विद्यार्थ्यांनीच चालवायचा. हे वाचून तुमच्यापैकी हॉस्टेलवाल्यांच्या पोटात कालवाकालव झाली असेल, पण ते नीट चाललं.

त्यातली एक इमारत म्हणजे रिडल्स कोर्ट. ती १५९० च्या दशकात जॉन मॅकमोरन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने बांधली होती. या मॅकमोरनचं काय झालं ते ऐका. १५९५ मध्ये शहरातल्या हायस्कूलच्या पोरांना सुट्टी नाकारली, म्हणून त्यांनी शाळा आतून बंद करून घेतली. मॅकमोरन शहराचा अधिकारी म्हणून दार उघडायला गेला आणि एका विद्यार्थ्याने आतून गोळी झाडली. तो जागीच गेला. त्याच्याच घरात तीनशे वर्षांनी विद्यार्थी राहायला आले. गेडिसने तिथे लॅटिनमध्ये एक वाक्य कोरून घेतलं, अर्थ असा की जगता जगताच आपण शिकतो. गंमत म्हणजे त्याच इमारतीची आपल्या काळात पुन्हा एकदा दुरुस्ती झाली आणि २०१७ पासून तिथे गेडिसच्याच नावाचं केंद्र चालतं. व्यापाऱ्याचं घर, मग भाडेकरूंच्या खोल्या, मग हॉस्टेल, आता शिक्षण केंद्र. भिंती त्याच, त्यांचा उपयोग काळाप्रमाणे बदलत गेला. जुन्या इमारतींच्या पुनर्वापराची याहून सोपी व्याख्या मला तरी सापडली नाही.

१८९२ मध्ये त्याने किल्ल्याच्या वाटेवरचा एक जुना मनोरा घेतला. त्याच्या टोकावर आरसा आणि भिंग लावलेली एक अंधारी खोली आधीपासून होती. तिथल्या गोल टेबलावर बाहेरच्या शहराचं हलतं चित्र पडायचं. गेडिसने या मनोऱ्याचं संग्रहालय केलं. बघायला आलेल्याने आधी थेट वर जायचं, स्वतःचं शहर डोळे भरून बघायचं आणि मग एकेक मजला उतरायचं. खाली एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग युरोप, तळाला सगळं जग. म्हणजे जग समजून घ्यायचं असेल तर सुरुवात आपल्या गच्चीवरून करायची. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून कधी वसई बघितली आहे? एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं. गेडिसला एवढा एक देखावा दिला असता तर त्याने त्यावर चार व्याख्यानं दिली असती.

एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. पैशांच्या हिशेबात गेडिस अगदीच कच्चा होता. एक इमारत पुरी व्हायच्या आत दुसरी घ्यायचा. कर्ज इतकं झालं की शेवटी मित्रांना एक कंपनी काढून त्याच्या इमारतींचा कारभार हातात घ्यावा लागला. किल्ल्याशेजारी त्याने जुन्या घरांना जोडून उभारलेलं रॅमसे गार्डन आज एडिंबरातला महागडा पत्ता आहे. जुनं वाचवलं की जागेचा भाव चढतो आणि ज्यांच्यासाठी वाचवलं त्यांनाच ती परवडेनाशी होते, ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे. त्यावर त्यालाही पुरतं उत्तर सापडलं नाही.

समुद्रात बुडालेलं प्रदर्शन

१८८८ पासून गेडिस डंडी शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. शिकवायचं फक्त उन्हाळ्याच्या टर्ममध्ये. उरलेलं वर्ष मोकळं. ते त्याने शहरांना दिलं. शहरांचे नकाशे, जुनी चित्रं, फोटो, तक्ते गोळा करून त्याने एक फिरतं प्रदर्शन उभं केलं. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या जागतिक प्रदर्शनात त्याला मोठा सन्मान मिळाला.

भारताशी त्याचं नातं आधीपासून होतं. भगिनी निवेदिता यांनी १९०० मध्ये पॅरिसला त्याच्याबरोबर काही काळ काम केलं होतं. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्याला भारतात बोलावलं. तो साठ वर्षांचा. आपल्याकडे रिटायरमेंटचं वय. तो मुलगा अलास्डेरला घेऊन निघाला. प्रदर्शनाचं सामान मागून क्लॅन ग्रँट नावाच्या जहाजाने येणार होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं अरबी समुद्राच्या तळाशी गेलं.

तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टचा लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर काय होईल ते आठवा आणि त्याला वीस वर्षांनी गुणा. पण ब्रिटनमधल्या मित्रांनी घाईने नवे नकाशे, नवी चित्रं जमवून पाठवली आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

आधी तपासणी, मग औषध

त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस भारतभर फिरला. फिरला म्हणजे अक्षरशः पायी. गावात पोचला की नकाशा हातात घेऊन गल्लीबोळ तुडवायचा. बरोबरचे साहेब लोक घामाने डबडबायचे, हा दाढीवाला म्हातारा मात्र परसदारात डोकावत, विहिरीत वाकून बघत, देवळाच्या पारावर बसत पुढे चाललेला. १९१५ मध्ये त्याने मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर अहवाल लिहिले. त्यात आपलं ठाणंही होतं.

त्या काळात मुंबईत काय चाललं होतं? १८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा आणि रस्ते आणायचे, हा त्यांचा कार्यक्रम. हेतू वाईट नव्हता. पण गेडिसचा हिशेब साधा होता. तुम्ही एका गल्लीतली पन्नास घरं पाडता तेव्हा ती माणसं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत जातात आणि तिथली गर्दी वाढते. म्हणजे आजार बरा होत नाही, फक्त पत्ता बदलतो.

तो मूळचा जीवशास्त्राचा माणूस, त्यामुळे बोलायचा डॉक्टरांच्या भाषेत. आधी निदान, मग उपचार. पायाचं बोट दुखतंय म्हणून पाय कापायचा नाही. शहरावरच्या अशा जपून केलेल्या शस्त्रक्रियेचं त्याचं गाजलेलं उदाहरण तंजावरचं आहे. होय, भोसल्यांचं तंजावर, जिथे आजही मराठी बोलणारी घरं आहेत. तिथल्या एका दाट भागातून सरळ रस्ते आखायचा बेत होता. गेडिसने तोच नकाशा घेतला आणि घर न् घर बघून खुणा केल्या. हे अगदी पडायला आलंय, हे काढा. इथे दोन घरं गेली तर चौक मोकळा होतो, तिथे झाड लावा. ही वाट थोडी वळवा, म्हणजे देऊळ वाचेल. बाकी सगळं राहू द्या. हवा खेळती झाली, बेघर होणारी कुटुंबं कमी झाली आणि खर्चही सरळ रस्त्यांच्या योजनेपेक्षा कितीतरी कमी.

तळ्यांचंही तेच. हिवतापाचे डास होतात म्हणून गावातली तळी बुजवायची टूम तेव्हा निघाली होती. गेडिस म्हणायचा की तळं स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती अळ्या खातील. तळ्याने हवा गार राहते, पावसाचं पाणी मुरतं. हे वाचताना मला आपली बावखलं आठवली. वसईच्या वाड्यांमधली ती गोड्या पाण्याची डबकी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जपली आणि नंतर एकेक करून बुजवली गेली. जुलै २०१८ आठवा. रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज नाही. बावखलं असती तर काहीच झालं नसतं असं मी म्हणणार नाही. पण बुजवायच्या आधी कुणी निदान केलं होतं का, हा गेडिसचा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो.

इंदूरची दिवाळी

सगळ्यात धमाल किस्सा इंदूरचा. होळकरांचं इंदूर तेव्हा प्लेग आणि हिवतापाने हैराण होतं. गेडिस तिथे नगररचनेच्या कामाला आला. नकाशे हातात घेऊन फिरणारा गोरा माणूस म्हणजे घरं पाडायला आलेला, अशी लोकांची समजूत. त्याला बघून लोक धसकायचे. मग त्याने, असं सांगतात, दिवाळीपुरतं एक दिवसाचं महाराजपद मागून घेतलं. दवंडी पिटवली. या वर्षी मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्लीतली घरं सगळ्यात चांगली साफ आणि दुरुस्त केलेली असतील, त्या गल्लीतून जाणार. घरातला कचरा उचलायची सोय दरबारातर्फे फुकट.

मग काय, अख्खं शहर कामाला लागलं. हजारो गाड्या कचरा निघाला. घरं रंगली. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, शिवाय घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यामागून शहराचे सफाई कामगार निघाले, पांढरेशुभ्र कपडे घालून, फुलांनी सजून. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारा तो काळ, त्यांना मिरवणुकीत मानाची जागा. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली.

त्याने वारसा जपायला लोकांना भाषण दिलं नाही, दंड लावला नाही. त्यांच्याच सणाला हाताशी धरलं. इंदूरवरचा त्याचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं. त्याचं श्रेय आजच्या इंदूरकरांचं, गेडिसचं नाही. पण शंभर वर्षांपूर्वीची ती मिरवणूक आठवून हसू येतंच.

१९१७

याच दिवसांत त्याच्या घरावर आभाळ कोसळलं. भारतातून परतून अलास्डेर सैन्यात भरती झाला होता. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तो मारला गेला. बातमी आली तेव्हा ॲना भारतातच तापाने अंथरुणाला खिळली होती. गेडिसने तिला ती सांगितली नाही. मुलाची जुनी पत्रं तो तिला वाचून दाखवत राहिला. काही आठवड्यांत तीही गेली, मुलगा गेल्याचं न कळता.

जेम्स कोर्टच्या अंधाऱ्या जिन्यात बादली घेऊन उतरलेली ती पहिली जोडीदार. गेडिसच्या नावाने जे काही ओळखलं जातं त्यात तिचा अर्धा वाटा आहे आणि बहुतेक पुस्तकांत तिच्या वाट्याला चार ओळी येतात. या पानावर तरी तिचं नाव नीट वाचा. ॲना मॉर्टन गेडिस.

तो कोलमडला, पण थांबला नाही. जगदीशचंद्र बोस त्याचे मित्र, त्यांचं चरित्र त्याने लिहिलं. १९२० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मुंबईचे सर

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र विभाग सुरू केला आणि पहिला प्राध्यापक म्हणून गेडिसला नेमलं. वय ६५. विद्यार्थ्यांची तक्रार एकच, सर दाढीतल्या दाढीत बोलतात, ऐकू येत नाही. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. नोट्स काढायच्या कशा? पण जे टिकले त्यांना त्याने एकच सवय लावली. पुस्तक मिटा आणि शहरात जा.

त्यांच्यातच एक मालवणचा तरुण होता, संस्कृतचा विद्यार्थी. त्याने मुंबई शहरावर निबंध लिहून गेडिसला दिला. गेडिसने त्याची शिफारस केली, तो इंग्लंडला शिकायला गेला, परत आला आणि १९२४ मध्ये त्याने हाच विभाग हाती घेतला. ते गोविंद सदाशिव घुर्ये, ज्यांना भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणतात. एमएच्या अभ्यासक्रमात घुर्ये आले की आता त्यांच्या मागे उभा असलेला दाढीवालाही आठवा.

तब्येतीमुळे १९२४ मध्ये गेडिसने मुंबई सोडली. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे तो राहिला. तिथेही स्वस्थ बसला नाही, विद्यार्थ्यांसाठी निवासी कॉलेज काढलं. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा दिला. १९३२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तो गेला. भारतासाठी लिहिलेल्या त्याच्या बहुतेक अहवालांची अंमलबजावणी झालीच नाही. साहेबांनी वाचले, फायलीत लावले.

मग आपण काय करायचं?

फायलीत गेलेला विचार कधीकधी बाहेर येतो. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियम आले, देशात पहिल्यांदाच. पुढे भायखळ्याच्या राणीबागेतलं १८७२ चं भाऊ दाजी लाड संग्रहालय नीट करण्यात आलं आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. फोर्टमधला सर कावसजी जहांगीर हॉल, जिथे कधी सभा आणि कॉन्सर्ट व्हायच्या, त्यात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. पुढच्या वेळी काळा घोड्याला गेलात की सेल्फीआधी एकदा आत जाऊन छताकडे बघा. जुन्या कवचात नवं काम कसं बसवलंय ते दिसेल.

हे काम फक्त आर्किटेक्टचं नसतं. जुनी कागदपत्रं वाचायला इतिहासवाला लागतो. गिलाव्यात काय मिसळलंय ते सांगायला केमिस्ट्रीवाला लागतो. फोटो, नकाशे, कायदा, हिशेब, सगळ्यांना जागा आहे. आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी व सागवानाची नस ओळखणारा सुतार नसेल तर बाकीचे सगळे हात चोळत बसतात. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, भिंत श्वास घेते. त्यावर मजबुतीसाठी म्हणून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि भिंत आतून सडते. चांगल्या मनाने केलेली चुकीची दुरुस्ती ही अशी असते. म्हणूनच आधी निदान.

हेही खरं की प्रत्येक जुनं घर वाचवता येत नाही आणि वाचवूही नये. धोकादायक इमारतीत माणसं ठेवणं म्हणजे वारसाप्रेम नव्हे. गेडिसनेही पडक्या भिंती उतरवल्याच. पण नवं म्हणजे सुरक्षित, हाही आपला गैरसमजच. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारत कोसळून १७ जण गेले. ती काही शंभर वर्षांची नव्हती. वय बघून इमारतीचा निकाल लावता येत नाही. ती कशी बांधली, कशी सांभाळली आणि आत राहणाऱ्यांचं कुणी ऐकलं का, ते बघावं लागतं.

म्हणून या रविवारी एक करा. मी करून बघितलंय, पैसे लागत नाहीत. पश्चिमेला जा, तुमच्या ओळखीचं एखादं जुनं घर शोधा. मित्राच्या आजीचं असेल, कॉलेजच्या वाटेवरचं असेल. बेल वाजवून परवानगी घ्या. फोटोआधी आजींशी बोला. घर कुणी बांधलं, लाकूड कुठून आलं, छप्पर कितीदा शाकारलं, बावखल कुठे होतं, पावसात पाणी कुठवर येतं, सगळं लिहून घ्या. पाडायचं की ठेवायचं हा निर्णय शेवटी त्या घरातल्या माणसांचा. तो घेण्याआधी कुणीतरी नीट बघितलं, नीट ऐकलं, एवढं आपल्या हातात आहे.

मी गेले होते त्या घरातल्या आजींनी मला चहा दिला आणि विचारलं, बाळा, तू बिल्डरकडून आलीस का? नाही म्हटलं. मग त्यांनी आतली माजघराची खोलीही दाखवली.